गुरुवारी मोजत नाहीत

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात आहे. पुढे कोणी विचारलं, तुम्ही हे सगळं कसं साधलंत, तर आठवायला बरं पडेल. अर्थात ही कोणाला दाखवायची नाही.

काम असं. कॉलेजनं नवा ऑनलाइन विषय काढलाय. चार देशांतले चार विद्यार्थी, एक ग्रुप, एक प्रोजेक्ट. आम्हाला बस स्टॉपची शेड आलीय. प्रत्येकानं आपल्या शहरातला एक स्टॉप निवडायचा, माणसं कुठं उभी राहतात, कशाला टेकतात, ऊन कुठून येतं ते बघायचं, मापं घ्यायची. मग चौघांनी मिळून चारही शहरांत थोड्या फरकानं चालेल अशी एक शेड काढायची. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला हा पोरखेळ आहे. स्टॉप तर माझ्या बाल्कनीतून दिसतो.

गेल्या वर्षी माझा एक विषय राहिला, त्याच्या बदली हा घेतलाय. हा सुटला की डिग्री. डिग्री आली की नोकरी, कारण ताईच्या ओळखीच्या एका साहेबांनी त्यांच्या ऑफिसात जूनपर्यंत माझी खुर्ची राखून ठेवलीय. नाहीच सुटला तर बाबांचं फ्रेमिंगचं दुकान. लोकांच्या लग्नाच्या फोटोंना चौकटी ठोकत जन्म काढायचा. बाबांनी हे जेवताना अगदी शांतपणे सांगितलं. बाबा ओरडतात तेव्हा काळजी नसते.

७ जानेवारी
पहिली मीटिंग. बाकी तिघांची नावं उच्चारायला अवघड, म्हणून मनातल्या मनात बारसं केलं. एक चष्मेवाली. ही बोलत नाही, लिहून घेते. एक दाढीवाला. हा प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतो. एक कानटोपीवाली. हिच्याकडे खोलीतसुद्धा थंडी असते.

मीटिंग एक तास चालली. त्यातली पन्नास मिनिटं मी बोललो. 'शेड म्हणजे काय' इथूनच सुरुवात केली. कोणी एका शब्दानं आडवं आलं नाही. लीडर कोण हे ठरवायची वेळच आली नाही, ते आपोआप ठरलं.

शेवटी चष्मेवालीनं विचारलं की एकवीस तारखेपर्यंत सगळ्यांची मापं येतील का. मी म्हटलं, हो हो, होऊन जाईल. तिनं ते लिहून घेतलं. गंमतच आहे, 'होऊन जाईल' पण लिहून घेतात.

१४ जानेवारी, गुरुवार
सकाळी अकराची मीटिंग. मी अंथरुणातूनच हजर. कॅमेरा बंद. दाढीवाल्यानं विचारलं, चेहरा का दिसत नाही. आता केस उभे आहेत म्हणून, हे काय लीडरनं सांगायचं? म्हटलं, आमच्याकडे काम सुरू होऊन महिना होईपर्यंत सहकाऱ्यांना सारखं तोंड दाखवणं उथळपणाचं समजतात.

वाटलं, हसतील. हसले नाहीत. चष्मेवालीनं लिहून घेतलं.

मग मापांचा विषय निघाला. तिघांचीही सुरुवात झाली होती. माझ्याकडे वळले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, आज गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे मोजत नाहीत.

मग कानटोपीवालीनं हळू आवाजात विचारलं, की त्यांच्या देशात त्यांनी गुरुवारी मोजलं तर मला चालेल का. मी मोठ्या मनानं परवानगी दिली. दाढीवाला कारण विचारायला लागला, तर त्याला सांगितलं की कारण विचारत नाहीत, हीसुद्धा रीतच आहे. तो चक्क ओशाळला.

२० जानेवारी
उद्यापर्यंत मापं. पहाटे उठून टेप घेऊन खाली उतरायचं ठरवलं होतं. उठलो नऊला, पण निश्चय कायम होता. टेप बाबांच्या दुकानात. बाबा म्हणाले, दुकानाचा टेप दुकानातच राहील, फ्रेम काय अंदाजानं कापू? म्हणजे पहिला अडथळा घरातूनच. ताईकडे शिवणाचा टेप होता, तो मिळाला. खाली उतरलो तर स्टॉपवर शेजारचे काका उभे. ते भेटले की एकच प्रश्न विचारतात, झाली का रे डिग्री? वर आलो.

२१ जानेवारी, गुरुवार
तारीख मापं द्यायची आणि वार गुरुवार. योगायोग म्हणतात तो हा. मीटिंगमध्ये मी काही बोलायच्या आत कानटोपीवालीनंच सांगितलं, की आज मागायला नको, आपलं चुकलं, तारीख ठरवताना वार बघायला हवा होता. सगळ्यांनी माझी माफी मागितली.

माणसं चांगली आहेत. जरा भाबडी आहेत, पण योग्य हातात पडलीत.

३ फेब्रुवारी
नवं वेळापत्रक आलं. गुरुवारी सगळ्यांनाच कामाला सुट्टी. मीटिंग बुधवारी. कानटोपीवालीनं स्वतःसुद्धा गुरुवारी मोजणं बंद केलंय. म्हणते, फार शांत वाटतं, तिच्या आजीलाही हे पटलं. दोन देशांना जोडणं म्हणतात ते हेच असावं. मी अभ्यासक्रमात लिहिलेलं करत नसेन, पण त्यामागचा हेतू मी एकटाच पूर्ण करतोय.

मापं कधी, असं विचारलं गेलं. सांगितलं, आमच्याकडे जागेची ओळख पटेपर्यंत जागेवर उतरत नाहीत, वरून बघतात. हे काही खोटं नाही, मी रोज बाल्कनीतून बघतोच.

ताई डबा भरताना सगळं ऐकत होती. मीटिंग संपल्यावर तिनं विचारलं, ही कुठली रे रीत? म्हटलं, मॅनेजमेंट आहे, तुला कळायचं नाही. ती म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला. आणि उंट पण त्यांचाच आहे." दवाखान्यात दिवसभर रिसेप्शनवर बसून तिची जीभ फार तिखट झालीय. पेशंटचा राग माझ्यावर.

१७ फेब्रुवारी
चष्मेवाली आज पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलली. तिनं प्रस्ताव मांडला की फायनल रिपोर्टमध्ये एक वेगळं प्रकरण घ्यावं: आपल्या सहकाऱ्याच्या कामाच्या रीती आणि आपण त्यांच्याशी कसं जुळवून घेतलं. दाढीवाल्यानं उचलून धरलं. मी आधी थोडा नाही-नाही म्हणालो. असं लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आईला सांगितलं, माझ्यावर एक अख्खं प्रकरण लिहितायत. आई म्हणाली, चांगलं आहे, पण तू काय केलंस? आईला प्रत्येक गोष्ट सांगून उपयोग नसतो.

३ मार्च
तिघांची ड्रॉइंग्ज आली. देखणी आहेत, हे मान्य करायला हवं. अर्थात दिशा माझी. आमच्या शहराच्या मापांच्या जागी कागदावर एक रिकामा कोपरा ठेवलाय आणि खाली लिहिलंय, आम्ही वाट पाहू. वाचून बरं वाटलं. इतक्या आदरानं घरात कोणी पाण्याचा ग्लाससुद्धा देत नाही.

आता काहीतरी द्यायलाच हवं. बाल्कनीत खुर्ची टाकून पाऊण तास निरीक्षण केलं. सगळे उभे. एकही माणूस बसलेला नाही. ताबडतोब कळवलं: आमच्याकडे लोकांना उभं राहूनच वाट बघायला आवडतं. एका वाक्यात अख्ख्या शहराचा स्वभाव पकडला. त्यांनी लगेच आमच्या शेडमधला बाक काढून टाकला.

संध्याकाळी आई घरी आली ती पाय चोळतच. म्हणाली, स्टॉपवर पाऊण तास उभी होते, तिथला बाक कोणी काढून नेला देव जाणे, टेकायला काही नाही. मी म्हटलं, आई, मला जरा काम आहे.

२४ मार्च
सध्या पूर्ण शांतता. मला कोणी काही विचारत नाही. बुधवारची मीटिंग पण हल्ली लवकर आटपते. मी बोलायला लागलो की तिघं मान झुकवून ऐकतात आणि संपलं की आभार मानतात. एवढी शिस्त मी लावली.

संकल्प: फायनलच्या आधी एकदा खाली उतरून मापं घ्यायचीच. नुसती हौस म्हणून. गरज अशी आता नाही.

७ एप्रिल
उद्या फायनल. त्यांच्याकडचे प्रोफेसर ऑनलाइन असतील, आमच्याकडे हा विषय बघणाऱ्या मॅडम कॉलेजात मोठ्या पडद्यासमोर, शेजारी मी. शर्ट इस्त्री केला. ताई म्हणाली, त्या प्रकरणात काय लिहिलंय ते एकदा वाचून तरी घे. म्हटलं, स्वतःची स्तुती स्वतः वाचत बसणाऱ्यांतला मी नाही. लिंक आलीय, पण चाळीस पानं आहेत.

८ एप्रिल, गुरुवार
झालं ते क्रमानं लिहितो.

शेडवर ते सहा मिनिटं बोलले. मग पडदा बदलला आणि प्रकरण सुरू झालं. माझा फोटो, कॅमेरा बंद असतानाचा, म्हणजे काळा चौकोन. खाली तक्ता. मॅडम चष्मा पुसून वाचायला लागल्या. मीही पहिल्यांदाच वाचत होतो.

आमच्या देशात महिनाभर चेहरा दाखवत नाहीत. गुरुवारी मोजत नाहीत. कारण विचारत नाहीत. जागेवर उतरत नाहीत. ठरलेल्या तारखेला काम देणं हा घाई करून केलेला अपमान मानला जातो. 'हो' याचा अर्थ 'तुमचं बोलणं माझ्या कानावर पडलं' एवढाच घ्यायचा. बसायला आवडत नाही. चष्मेवाली एकेक ओळ वाचत होती आणि प्रत्येक ओळीपुढे, त्यांनी कसं जुळवून घेतलं, ते होतं. माझं काम सुरुवातीपासून त्या तिघांनी वाटून घेतलं होतं, मला कळू न देता. कळलं तर माझा मान दुखावेल म्हणून. हा भाग कानटोपीवालीनं वाचला आणि मधे थांबून डोळे पुसले. खोटं कशाला लिहू, मीही रुमाल काढला. त्या क्षणापर्यंत मला हा सत्कारच वाटत होता.

मग त्यांच्या प्रोफेसरांपैकी एकांनी अत्यंत आदरानं मॅडमना विचारलं, की आज गुरुवार आहे, तर या विषयावर बोललेलं त्यांना चालतंय ना.

मॅडम म्हणाल्या, "मोजमापाचं प्रॅक्टिकल मी नोकरीला लागल्यापासून दर गुरुवारीच घेते. आमच्याकडे असं काही नसतं. हा मुलगा आळशी आहे."

मला वाटलं, संपलं. पण दाढीवाल्यानं समजूतदारपणे मान हलवली. म्हणाला, याची आम्हाला कल्पना होती. शहरातल्या शिकलेल्या वरच्या वर्गाला अशा जुन्या रीती मान्य करायला अवघड जातं. चष्मेवालीनं ते तिथल्या तिथे तळटीप म्हणून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं.

९ एप्रिल
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. म्हणाल्या, "नापास मी पुष्कळ जणांना केलंय. पण स्वतःचा आळस सगळ्या देशाच्या नावावर चढवणारा तू पहिलाच." मी सांगायचा प्रयत्न केला की हा दोन संस्कृतींमधला गैरसमज आहे. त्यांनी दाराकडे बोट केलं.

बाहेर आल्यावर विचार केला. मॅडमना ऑनलाइन शिक्षण कळलेलंच नाही. जुनी पिढी.

१२ मे
निकाल. तिघांना सर्वोच्च श्रेणी, 'परस्परांच्या संस्कृतीचा असाधारण आदर' यासाठी. त्यांच्या प्रोफेसरांनी ते प्रकरण पुढच्या वर्षाच्या मुलांना वाचायला लावलंय. मी नापास. कारण: सहभाग नाही. ज्याच्याशिवाय ते प्रकरण लिहिताच आलं नसतं, त्याचा सहभाग नाही.

तिघांनी एकत्र मेसेज केला. माझ्याकडून आयुष्यभर पुरेल इतकं शिकलो, म्हणतात.

२ जून
साहेबांनी खुर्ची दुसऱ्याला दिली. ताईनंच सांगितलं. मला वाटलं, टोमणा मारेल, तर नाही मारला. माझ्यासाठी दोनदा त्यांच्याकडे जाऊन शब्द टाकून आली होती, हे आईकडून कळलं. दोन्ही वेळा तिनं सांगितलं होतं, माझा भाऊ हुशार आहे, पूर्ण करेल. ती समोर जेवत होती. मी उठून तिचा पाण्याचा ग्लास भरून ठेवला.

बाबा म्हणाले, अजून एक टर्म. ही शेवटची.

१ जुलै
तोच विषय, नवा ग्रुप, नवे तिघे. प्रोजेक्टसुद्धा तेच: शेड. या वेळी लिहून ठेवतो, म्हणजे स्वतःला नाकारता येणार नाही: मी काम करणार आहे. थापा बंद. लीडरबिडर कोणी नाही.

पहिल्या मीटिंगला केस विंचरून, कॅमेरा सुरू करून, वेळेच्या आधी बसलो. मला बघून तिघं दचकले. एकमेकांना मेसेज करताना दिसले. मग त्यांच्यातला उंच मुलगा म्हणाला, तुम्हाला त्रास होत असेल तर कॅमेरा बंद ठेवा, आम्ही प्रकरण वाचलंय.

५ जुलै
परवा सकाळी साडेसहाला खाली उतरलो. हे वाक्य लिहिताना माझाच विश्वास बसत नाही. शेजारचे काका होतेच. विचारलं, झाली का रे डिग्री? म्हटलं, नाही झाली. ते म्हणाले, बरं, आणि बसची वाट बघायला लागले. एवढ्याशा प्रश्नाला मी सहा महिने भीत होतो.

तीन दिवस जातोय. खांबाला एका उंचीवर रंग उडालाय, कारण सगळे तिथंच पाठ टेकतात. एक बाई कडेवरचं पोर या बाजूचं त्या बाजूला करत उभी असते. जमिनीत चार बोल्ट आहेत, कापलेले. बाक होता तिथला. लोकांना उभं राहायला आवडतं, असं मी तीन देशांना कळवलं होतं. माझ्या आईसकट सगळ्यांच्या वतीनं. लाज वाटली. चांगलीच वाटली.

८ जुलै, गुरुवार
मुद्दाम आज मोजलं. बाकाची जागा, उंची, सावली, सगळं. ड्रॉइंग केलं. सहा पानं झाली, ताईनं वाचली, दोन चुका काढल्या, म्हणाली, बरंय की. तिच्या तोंडून 'बरंय की' म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी पाठवलं.

१० जुलै
उत्तर आलं. खूप मोठं, खूप गोड. त्यांना माहीत आहे की हे सगळं मला किती जड गेलं असेल. तेही गुरुवारी. आपल्या परीक्षा-पद्धतीच्या दबावाखाली कोणालाही स्वतःच्या रीती मोडायला लागू नयेत, असं तिघांचं एकमत आहे. म्हणून माझी पानं त्यांनी सन्मानानं बाजूला ठेवली आहेत. वापरणार नाहीत.

मी लिहिलं, वापरा, मला चालेल. त्यांनी लिहिलं, समजलो. मी लिहिलं, खरंच चालेल, हो म्हणजे हो. त्यावर फक्त हात जोडल्याचं चित्र आलं.

१४ जुलै
मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, पानं दाखवली. त्यांनी नीट बघितली, एका ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली, चांगलं आहे म्हणाल्या. पण मार्क ग्रुपच्या नोंदीवर. ग्रुपला पटवणं हाच तर विषय आहे. मी म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. त्या म्हणाल्या, "मी एकदा सांगितलं होतं. मी तळटिपेत आहे."

२१ जुलै
मीटिंगला पाच मिनिटं आधी हजर. तिघं आधीच होते आणि निरोप घेत होते. मला ताण नको म्हणून खरी मीटिंग ते हल्ली तासभर आधी उरकतात. कामं वाटून झाली होती. ड्रॉइंगमध्ये आमच्या शहराची शेड होती, बाक नसलेली.

मी विचारलं, माझ्या वाट्याला काय आहे? काहीही द्या. पानांवर नंबर घालायचे असले तरी द्या. आवाज जरा चढला असेल.

तिघं हसले, मनापासून. उंच मुलगा म्हणाला, "तू काहीच करू नकोस. तू आमच्यात आहेस, एवढंच पुरे."

मग वेळेवर सगळे गेले. माझा एकट्याचा चेहरा पडद्यावर राहिला.

रात्री बाबांनी ताट पुढं ओढताना विचारलं, या वेळी तरी नीट काम चाललंय का? म्हटलं, हो. बाबांनी जेवता जेवता माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "बरं. उद्यापासून सकाळी दहाला दुकान उघडत जा."